स्लॅबखालचा माणूस

आमच्या क्षेत्रातल्या माणसांना एक खोड असते. जळगावहून धुळ्याला निघाले की गाडीची काच खाली करून ते बोट दाखवत जातात. ही पाण्याची टाकी माझी, तो पूल माझा, पारोळ्याच्या अलीकडचं ते गोदाम माझ्या हातचं. अशा वेळी मी गप्प बसून असतो. उभी हयात बांधकामात घालवूनही माझ्याकडे दाखवायला एक वीट नाही. मी जे जे उभं केलं ते सगळं काही आठवड्यांत सोडवून, ट्रकमध्ये भरून लोकांनी परत नेलं. तसं नेता आलं, म्हणूनच तर माझं काम नीट झालं असं म्हणायचं.

मी सेंट्रिंगची डिझाइनं करत असे. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, ‘‘म्हणजे सुतारकाम का?’’ मी बराच वेळ समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, ‘‘असू द्या, सरकारी नसलं तरी चालेल.’’ आजही कुणी विचारलं तर बायको परस्पर ‘इंजिनिअर होते’ एवढंच सांगते. पुढचं सांगत बसण्यात तिचाही आता रस उरलेला नाही.

तरी इथे एकदा सांगतोच. ओलं काँक्रीट म्हणजे जड लापशी. तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. ते घट्ट होऊन स्वतःचं वजन स्वतः पेलू लागेपर्यंत कुणीतरी त्याला खालून धरून ठेवावं लागतं. वर प्लेटा, त्याखाली आडवे वासे, त्याखाली ओळीने उभे टेकू, टेकू एकमेकांना बांधणारे आडवे पाईप आणि टेकूंच्या पायाशी फळ्या. हा सगळा पसारा म्हणजे सेंट्रिंग. किती वजन येणार, टेकू किती अंतरावर हवेत, ते कुठे आणि कितीदा बांधायचे, खालची जमीन दबेल का, हे ठरवणं माझं काम. लोकांना वाटतं टेकू चेंगरून मोडतो. तसं होत नाही, तो कमरेत वाकतो. बारीक काठी जमिनीवर टेकवून वरून दाबली की ती मधूनच बाहेर फुगते ना, अगदी तसा. म्हणून त्याला मधोमध आडव्या पाईपने धरून ठेवावं लागतं. तो मधला पाईप काढला की टेकूची ताकद निम्मी होत नाही, चौथाईवर येते. हे गणित मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. लोक मान डोलवत आले आणि आडवा पाईप येता-जाता डोक्याला लागतो म्हणून काढतही आले.

स्लॅब भरण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडे घरचं कार्य असतं. सकाळी पूजा, नारळ, घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाताने पहिलं घमेलं, मग मिक्सरचा धडाका, आणि दुपारी सगळ्यांना वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. हे सगळं वर किंवा समोर अंगणात चाललेलं असतं. मी खाली असतो. टेकूंच्या गर्दीत, अर्धवट अंधारात, विजेरी घेऊन एकेका ओळीतून फिरत असतो. वर माणसं हसतात, ओरडतात, घमेली आपटतात, आणि प्लेटांच्या फटींतून सिमेंटचं पाणी माझ्या मानेवर गळत असतं. कुठली पाचर ढिली झाली, कुठला पाया दबला, कुठून कुरकुर ऐकू येते, एवढंच ऐकायचं. खाली दुसऱ्या कुणी थांबू नये हा नियम मीच केला होता, त्यामुळे सोबत मागायची सोय नव्हती. कामाचे कितीतरी दिवस मी असे एकट्याने काढले. कुणी पेढा वाटताना मला विसरलं तर त्यात त्याचा दोष नसे, मी त्याला दिसतच नव्हतो.

या सगळ्या काळात माझी आठवण ठेवणारा माणूस एकच, लोटन मिस्त्री. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला हा सेंट्रिंगचा ठेकेदार. मी कागदावर काढायचो, तो ते उभं करायचा. अंगाने सडपातळ, तोंडाने फटकळ, आणि कामाला इतका चोख, की त्याने लावलेल्या ओळीतून एका टोकाला उभं राहून पाहिलं तर पहिल्या टेकूमागे बाकीचे सगळे लपून जात. पंगत उठायच्या आत माझं ताट तो स्वतः झाकून ठेवी. मला तो ‘भाऊ’ म्हणे आणि अरे-तुरे करी. अहिराणीत जीव लावलेल्या माणसाला ‘तू’ म्हणायला वयाची किंवा पदवीची परवानगी लागत नाही.

आमचे दिवस मजेतही गेले. रावेरकडे अण्णा नावाच्या एका केळी बागायतदाराच्या घराचं काम होतं. अण्णांनी टेकूंसाठी ट्रॉलीभर बांबू आणून टाकले. केळीच्या घडाला वादळात आधार देतात, ते बांबू. लोखंडी टेकू भाड्याने आणायला ते तयार होईनात.

‘‘साहेब, या बांबूवर माह्या केळीचा घड वादळात उभा राह्यते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तुमचा स्लॅब तं हलत बी नाई. मंग त्याले काय व्हते?’’

मी वही-पेन्सिल काढणार, एवढ्यात लोटन बोलला, ‘‘अण्णा, केळीनं झाड पडनं तं तुम्ही दुसरं लावशात. आम्हले कोण लाई?’’

अण्णा खो-खो हसले आणि संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू आले. माझ्या गणिताने जे झालं नसतं ते त्याच्या एका वाक्याने झालं. परतताना गाडीत मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘तुनं गणित बराबर शे भाऊ, पन तू ते मास्तरसारखं सांगस.’’ मला राग आला होता, आणि तो ते ओळखून आणखी हसला होता.

मग ते धुळ्याकडचं मंगल कार्यालय आलं.

गाव मोठं होतं आणि मालकाची भावकी त्याहून मोठी. हॉलला मध्ये खांब नको होते, उंची भरपूर हवी होती. म्हणजे उंच टेकू, आणि ते दोन ठिकाणी आडव्या पाईपांनी बांधायचे. वरची एक बांधणी, खालची एक बांधणी. मी दोनदा जाऊन तपासून आलो होतो. लोटनने नेहमीसारखं सुरेख काम केलं होतं. स्लॅबच्या दिवशी मला जळगावहून पोहोचायला थोडा उशीर झाला. गेलो तेव्हा नारळ फुटला होता, मालकाच्या म्हाताऱ्या आईने पहिलं घमेलं ओतलं होतं आणि एका कडेने काँक्रीट पडायला सुरुवात झाली होती. वर मजुरांबरोबर मालकाचे सगळे पाहुणे चढलेले, कुणी फोटो काढतोय, कुणी पोरांना खालचा रस्ता दाखवतोय.

मी खाली शिरलो आणि तिथेच थबकलो. हॉलच्या मधोमध चुली पेटल्या होत्या.

ऊन तापलं होतं, अंगणात वारा सुटला होता. आचाऱ्याला सावलीची, आडोशाची जागा हवी होती. सेंट्रिंगखालच्या सावलीइतकी गार सावली अख्ख्या गावात नव्हती. मालकाच्या काकांनी त्याला तिथे बसवून दिलं. मोठी पातेली न्यायला-आणायला आडवे पाईप आडवे येत होते, म्हणून मधल्या तीन-चार ओळींतली खालची बांधणी त्यांनी सोडवून भिंतीला टेकवून ठेवली होती, अगदी नीट, कुणाच्या पायात येऊ नये अशी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बट्ट्या भाजल्या जात होत्या. बायका बसून कणकेचे गोळे वळत होत्या. भांडी धुतलेलं पाणी नव्या भरावातून वाहत टेकूंच्या पायाशी साचलं होतं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. घरचं कार्य होतं, घराखालीच स्वयंपाक मांडला, इतकंच.

मी आधी बायकांना बाहेर काढलं. ओरडलो नाही. घाबरलेलं माणूस पळतं आणि पळताना टेकूला धडकतं. ‘‘अक्का, वर थोडं काम आहे, दोन मिनिटं बाहेर बसा,’’ असं म्हणत एकेकीला उठवलं. आचारी चुलीवरची कढई सोडायला तयार नव्हता, त्याला हाताला धरून नेलं. मग वर गेलो आणि मिक्सर बंद करायला सांगितला.

मिक्सर बंद झाल्यावर जी शांतता होते ती मला अजून ऐकू येते.

मालक पुढे आला. ‘‘सायेब, नारळ फुटी ग्या. आते स्लॅब थांबाडता येस का?’’

मी म्हटलं, ‘‘थांबवायचा. आणि सगळ्यांनी खाली यायचं. एकेक जण, सावकाश. आधी आजी.’’

लोटन शिडीने झरझर खाली उतरला, आत पाहून आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. त्याने मला बाजूला घेतलं.

‘‘भाऊ, हाऊ कडना पट्टा शे, आठे बांधणी बठ्ठी शे. मधला पट्टा दुपारले भरावना. तवलगून मी पाईप परत बांधी देस, पाया बी नवा करस. लोकेसले उतराड, पन काम थांबाडू नको. मन्ही आब्रू जाई.’’

तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. ज्या कडेला काँक्रीट पडत होतं तिथली बांधणी शाबूत होती, आणि मधला पट्टा भरायला दुपार होणार होती. पण सेंट्रिंग हे एकमेकांच्या हाताला धरून उभं असतं. मधल्यांचे हात सुटले होते, पाय चिखलात होते आणि वर वजन पडायला लागलं होतं. वजनाखाली आलेल्या टेकूंच्या मधे शिरून पाईप बांधायला माणूस पाठवायचा, तर तो लोटनचा माणूस असणार होता, किंवा लोटन स्वतः.

मी नाही म्हटलं. पडलेलं काँक्रीट घट्ट व्हायच्या आत काढून टाका, सगळं पुन्हा बांधा, मी तपासतो, मग भरा.

सगळं गाव रस्त्यावर उन्हात उभं होतं. मुहूर्त गेला होता. मोजक्या माणसांना कडेकडेने वर चढवलं. लोटनने हातात फावडं घेतलं आणि पूजेचं कुंकू लागलेलं, म्हातारीच्या हातचं ते काँक्रीट स्वतः खरडून खाली टाकायला लागला. त्याच्या माणसांना त्याने ते करू दिलं नाही. मी खाली अंगणात उभा राहून ते पाहत होतो. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ‘‘मिस्त्रीनं सेंट्रिंग कच्चं व्हतं, सायेबनी पकडं.’’ मी मोठ्याने सांगितलं, की मिस्त्रीचं काम पक्कं होतं, पाईप दुसऱ्यांनी काढले. पण काकांनी ऐकलं तरी ते ऐकल्यासारखं दाखवणार नव्हते, आणि गर्दीला अर्धीच गोष्ट आवडते.

सगळे पांगल्यावर मी आत जाऊन ओळंबा सोडला. एखादा टेकू तरी वाकला असेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. एक टेकू किंचित फुगल्यासारखा दिसला. पण वारा होता, ओळंब्याची दोरी हलत होती, आणि हलणारी दोरी बघणाऱ्याला हवं ते दाखवते. मी तो नाद सोडला.

दोन दिवसांनी स्लॅब भरला. उत्तम झाला. आज तिथे लग्नं लागतात, डीजे वाजतो, वर पाहायचं कुणाला कारण पडत नाही. लोटनला मात्र त्या भागात पुन्हा कुणी काम दिलं नाही. ‘इंजिनिअरने ज्याच्या सेंट्रिंगवरून म्हाताऱ्या माणसाला उतरवलं, तो मिस्त्री,’ अशी त्याची ओळख झाली. मी चार ठिकाणी त्याचं नाव सुचवलं. लोक मला चहा पाजत आणि दुसरा मिस्त्री बोलावत. शेवटी तो पोराबरोबर सुरतेला निघून गेला. जायच्या आधी बसस्टँडवर भेटला होता.

‘‘तो स्लॅब नही पडता, सायेब,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हले बी माहीत शे.’’

मला माहीत नव्हतं. आजही नाही. कागदावर मी तो स्लॅब पुन्हा पुन्हा भरून पाहिला. कागदावर तो पडतो. पण कागदावर पडायला हवीत अशी कितीतरी बांधकामं खानदेशात टेकूंवर निमूट उभी राहिलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. डॉक्टरने औषध दिलं आणि रोगी बरा झाला, तर त्याचं नाव होतं. आमच्या धंद्यात अपघात टळला की घडलेलं काहीच नसतं. टळलं ते काय होतं, हे दाखवायला हातात काही उरत नाही. उरतो तो बिघडलेला मुहूर्त आणि एका माणसाची गेलेली अब्रू. मी बरोबर होतो हे सिद्ध होण्याचा एकच मार्ग होता, तो स्लॅब माणसांसकट खाली यायला हवा होता. एखाद्या दुपारी आपण नेमकी तीच इच्छा करत बसलो आहोत, असं ध्यानात येई आणि मला स्वतःची किळस वाटे. हे कुणाजवळ बोलणार? बायकोजवळ एकदा बोललो. ती म्हणाली, ‘‘अहो, माणसं वाचली ना?’’ आता तेच तर ठाऊक नव्हतं.

लोटनच्या जागी दुसरे मिस्त्री आले. चांगले होते. मला सर म्हणत, माझ्याशी कुणी भांडत नसे. मी खाली एकटा फिरायचो, काम संपलं की डबा खाऊन जळगावला परत. फोन लावला की लोटन उचलायचा नाही. काही काळाने मी लावणं सोडलं, आणि पुढे कामही सोडलं.

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून कळलं, की लोटन गावाला परत आलाय, कंबर गेलीय, खाटेवरच असतो. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. मग बायकोनेच पिशवीत केळी भरून दिली आणि म्हणाली, ‘‘जाऊन या एकदाचे.’’

घर साधं, पत्र्याचं. सुमनअक्का, म्हणजे लोटनची बायको, दारात कपाशीच्या काड्या मोडत बसली होती. तिने मला ओळखलं आणि आत पाहून म्हणाली, ‘‘ऐकं का, जयगावना भाऊ येल शेतस.’’

लोटन भिंतीला टेकून बसला होता. पार वाळला होता. मला पाहून त्याने खाटेवर थोडं सरकून जागा केली. आम्ही त्याच्या कमरेबद्दल बोललो, सुरतेच्या उंच इमारतींबद्दल बोललो, कपाशीच्या भावाबद्दल बोललो. दोघंही दुसऱ्याच गोष्टी बोलत होतो. मला ते असह्य झालं. इतकी वर्षं मनात धरलेला प्रश्न मी विचारून टाकला.

‘‘लोटनभाऊ, खरं सांग. तो पडला असता का रे?’’

त्याने तोंड दाराकडे वळवलं. मला वाटलं, आता उठून जायला सांगतो की काय.

‘‘भाऊ, तो स्लॅब मी आजूनबी भरस,’’ तो म्हणाला. ‘‘आठे खाटवर पडी पडी भरस. कधी पडस, कधी नही पडस. पडना तं तू बराबर. नही पडना तं मी बराबर.’’

एवढं बोलून त्याला धाप लागली. तो पाणी प्यायला.

‘‘पन दोन्ही येळे खाले तूच ऱ्हास. बठ्ठा लोके बाहेर, तू एकलाच आत. मी वरथून आवाज देस, भाऊ, बाहेर निंघ, बाहेर निंघ. तू काय निंघत नही.’’

आयुष्यभर मला वाटत होतं, की खाली कुणी आहे हे वर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

‘‘निघालो, लोटनभाऊ,’’ मी म्हटलं. ‘‘हा बघ ना, बाहेरच आहे.’’

त्याने माझं मनगट धरलं आणि अक्का चहा घेऊन आली तरी सोडलं नाही.